पाठमोरा हासुराम

ट्रॅक्टर माझा आहे, हे आधी लिहून ठेवतो. कागद माझ्या नावावर आहेत, डिझेल मी भरतो, ताडपत्री मी घालतो, आणि तो उभा राहतो तो माझ्या खळ्यात. तरीपण मी तो घेऊन रस्त्याला लागलो, की एसटीच्या शेडमध्ये बसलेली माणसं म्हणतात, "हासुरामचा ट्रॅक्टर आला." हासुराम जाऊन वर्ष होत आलं. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या नातीने शाळेत ट्रॅक्टरचं चित्र काढलं, तर खाली बाईंनी नाव घातलं 'हासुआजोबांचा ट्रॅक्टर'. मी ते चित्र भिंतीला लावू दिलं नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं आहे, लिहायला वेळ लागतो. पण लोक त्याच्याबद्दल जे गोड गोड बोलतात ते ऐकून कान किटले. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक शेवग्याचं झाड आणि एक कुंपण, एवढंच अंतर. त्याच्याबद्दल कुणाला विचारायचंच असेल तर मला विचारा.

हासुराम अंगाने काटकुळा. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, आणि पाठीमागे कॉलरला छत्री अडकवलेली. उन्हाळ्यात, थंडीत, लग्नात, मयताला, छत्री पाठीवर. पण ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. पाऊस आला की हा पळत जवळच्या ओटीवर चढायचा आणि पाऊस थांबल्यावरसुद्धा तिथेच बसायचा. चहा व्हायचा, घरातल्या सगळ्यांची चौकशी व्हायची, सासू-सुनेचं भांडण असेल तर दोघींचं ऐकून व्हायचं. छत्री घेऊन भिजायला भिणारा माणूस म्हणून खरं तर हसायला पाहिजे होतं. लोक उलट वाट बघायचे. पावसाची सर आली की आमच्या घरातून आवाज यायचा, "हासुभावोजी दिसतात का बघा कुठं." मी घरात असायचो. माझी वाट कुणी बघायचं नाही.

तो तंबाखू खायचा. तंबाखूची पुडी नेहमी त्याच्याजवळ असायची, चुना मात्र कधीच नसायचा. कुणीही भेटो, रस्त्यावरचा गवंडी, बँकेतला साहेब, रेवसच्या धक्क्यावरचा खलाशी, मुंबईहून बंगल्याची जागा बघायला आलेला गाडीवाला, याचं पहिलं वाक्य, "चुना हाय काय?" समोरचा खिसे चाचपायचा, नसला तर तोच दुसऱ्या कुणाला विचारायचा, आणि अशा रीतीने दोन अनोळखी माणसांना हा कामाला लावायचा. तंबाखू मळून होईपर्यंत समोरच्याचं गाव, मुलंबाळं, दुखणीखुपणी सगळं याला ठाऊक.

एकदा तळ्यावर आंघोळीला गेलो होतो. त्याने शर्ट काढून दगडावर ठेवला होता. वाऱ्याने तो उडायला लागला म्हणून मी धरला, तर खिशातून चुन्याची डबी पडली. काठोकाठ भरलेली. मी त्याला दाखवली. म्हणालो, "ही काय?" तो अंगाला साबण लावत म्हणाला, "अडीअडचनीला असावी." आयुष्यभर लोकांचा चुना मागून खाल्ला आणि अडचण त्याला कधी आली नाही. ही लबाडी मी गावात सांगितली, तर माणसं हसली. म्हणाली, हासुच तो. मी असं केलं असतं तर मला चोर म्हणाले असते.

माझ्याकडे त्याने कधी चुना मागितला नाही. मी तंबाखू खात नाही, हे त्याला माहीत होतं. मला कसलंच व्यसन नाही.

आमची जमीन खाऱ्यातली. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घातलेला असतो, त्या बांधाच्या आतलं भात. बांध आहे तोवर शेत आहे. उधाणाला बांध फुटला, आम्ही त्याला खांड गेली म्हणतो, तर गावकीने दवंडी दिल्याबरोबर घरटी माणूस चिखल टाकायला गेला पाहिजे. एका वर्षी भर दुपारी खांड गेली. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. छातीइतक्या पाण्यात उभा राहून मी पेंढा आणि चिखलाचे गोळे लावत होतो, सांगत होतो इथे दाबा, तिथे बांबू ठोका. माझं सांगणं बरोबर होतं. पण माणसं तोंडं वाकडी करून काम करत होती, कारण मी ओरडत होतो. पाणी वाढतंय आणि ओरडायचं नाही तर काय करायचं?

हासुराम आला तेव्हा निम्मं काम झालं होतं. छत्री पाठीवर, डोक्यावर भाताचा टोप. घराघरांतून भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण मागून आणलं होतं. तो बांधावर बसला आणि पाण्यातल्या एकेकाला हाक मारून घास द्यायला लागला. पाण्यात उभ्या माणसांच्या तोंडात याने घास भरवले. मलासुद्धा. माझे हात चिखलाने भरलेले, करणार काय, तोंड उघडलं. आणि वर म्हणतो, "वरडून वरडून तोंड उघडंच हाय, बरं झालं." सगळा बांध हसला. आजही त्या खांडीची गोष्ट निघाली की माणसं म्हणतात, हासुरामने भरवलेला तो घास. चिखल कुणी लावला, ते कुणी बोलत नाही.

त्याच्या स्वतःच्या शेताचं काय झालं तेही सांगतो. ते माझ्या शेताला लागून, खाडीच्या अंगाला. बायको गेल्यावर त्याने दोन-तीन वर्षं नांगर घातला नाही. ओसाड शेतात बांधाच्या भोकांतून खारं पाणी झिरपलं, मग तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, उगवली. तिवर एकदा उगवला की तोडायला बंदी. सरकारी माणूस येऊन बघून जातो. म्हणजे जमीन गेलीच. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. हा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे नेऊन दाखवायचा, "बघा, माझ्या शेतात आता चिंबोऱ्या पिकतात." लोक त्याची कीव करायचे. त्याच्या तिवरातलं पाणी हळूहळू माझ्या बांधाकडे सरकत होतं, माझ्या शेताच्या कडेला पांढरा खार फुटायला लागला होता, पण माझी कीव कुणी केली नाही. मी त्याला बोललो. तो म्हणाला, "व्हय रं." बस, तेवढंच.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. गावतळं उपसलं की मासळीचे वाटे घालतात, घरटी एक. जिताडा, खवली, कोळंबी, सगळ्यांत सारखं पडेल असं बघतात, पण सारखं कधी पडतं? म्हणून एक माणूस तळ्याच्या बांधावर पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. नाव घेतलं की तो वाटा त्याचा. मग नको म्हणता येत नाही आणि बदलूनही मिळत नाही. पाठ करायला आमच्या गावात वर्षानुवर्षं हासुराम. माणसांची खात्री, की हा वळून बघणार नाही. माझ्या वाट्याला नेहमी बारीक मासळीचा वाटा आला. हासुरामच्या स्वतःच्या वाट्याला जिताड्याचं डोकं आलं, तर ते तो कुणालातरी देऊन टाकायचा, आणि आमच्या घरातून त्याला कालवण जायचं. हिशेब कुणाला लागतो तर लावा.

आता ट्रॅक्टर.

बैल गावातून गेले. भाड्याचे ट्रॅक्टर पेणकडून येतात ते मोठे, जड. वरच्या शेतात फिरतात, खाऱ्यात उतरायला चालक नाही म्हणतो, कारण रुततात. लागोपाठ दोन पावसाळे माझं खाडीकडचं शेत नांगराशिवाय राहिलं. दुसऱ्या वर्षी कडेला तिवराची दोन पानांची रोपं दिसली. ती मी उपटली. पण शेत असंच पडून राहिलं, तर कितीदा उपटणार? बापाने आणि आजाने डोक्यावरून माती वाहून केलेली जमीन हासुरामच्या जमिनीसारखी चिंबोऱ्यांना द्यायची, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मला लहान, हलका ट्रॅक्टर पाहिजे होता. तसे जुने ट्रॅक्टर आता मिळत नाहीत.

माझी मुलगी सुनंदा रोह्यापुढे, तळा गावाच्या बाजूला एका वाडीत दिलेली आहे. जावयाने निरोप धाडला, की इथे दोन भावांकडे तुम्ही म्हणता तसा जुना लहान ट्रॅक्टर आहे, पण सुटा केलेला आहे. सुटा म्हणजे काय ते मला तिथे गेल्यावर कळलं. बाप मेल्यावर भावांनी वाटणी केली. घरात मधून भिंत घातली, भांडी वाटली, आंब्याची झाडं वाटली. ट्रॅक्टर कुणी घ्यायचा यावर जुळेना. तेव्हा त्यांनी तो नट-बोल्टापर्यंत खोलला, डुकराच्या शिकारीचे वाटे घालतात तसे अंगणात दोन वाटे घातले आणि एका म्हाताऱ्याला पाठ करून उभा केला. थोरल्याच्या वाट्याला इंजिन, मागची मोठी चाकं आणि डिझेलची टाकी आली. धाकट्याच्या वाट्याला गिअरबॉक्स, पुढची चाकं, स्टिअरिंग आणि सीट. दोघेही आपापला वाटा आपापल्या पडवीत घेऊन बसले. मडगार्डमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मी पहिल्या खेपेला एकटाच गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिनाच्या चाकाला हाताने जोर देऊन बघितलं, जड होतं, पण फिरलं. गिअरबॉक्स उघडून बघायचा होता, आत पाणी गेलं असेल तर दाते गेले. धाकटा म्हणाला, आधी घेता का सांगा, मग उघडा. थोरला म्हणाला, त्याने विकला की माझा वाटा घेऊन जा, पण त्याच्या दारात मी सौदा बोलायला येणार नाही. धाकट्याचंही तेच. खरी गोम अशी होती, की आधी कुणीच विकायला तयार नव्हता. आधी विकला तो हरला. आणि एकाचा वाटा घेऊन दुसऱ्याने नाही म्हटलं, तर मी अर्धा ट्रॅक्टर घेऊन काय करू?

निघताना थोरला म्हणाला, "तुम्ही रेवसकडचे ना? त्या बाजूचे एक छत्रीवाले इथं लग्नाला आले होते. लई चांगला माणूस. त्यांना घेऊन या, मग बघू."

"ते लग्न माझ्या मुलीचं," मी म्हणालो. "नवरीचा बाप मी होतो."

त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाला, "असाल."

घरी येऊन मी काही बोललो नाही. घ्यावा की घेऊ नये, हे मी माझं ठरवणार होतो. जेवताना गप्प होतो म्हणून सुनंदाच्या आईने खोदून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी जाऊन सगळं हासुरामला सांगितलं. ती मला म्हणाली, तुम्ही मागायला जाणार नाही, म्हणून मी गेले. मी तिला म्हणालो, मी मागितलंच नव्हतं. ती म्हणाली, तेच तर.

सकाळी एसटीच्या शेडमध्ये हा छत्री अडकवून उभा. म्हणाला, "चल."

"मी अलिबागला चाललोय. औषध आणायला."

"मी पन."

अलिबागला मी रोह्याच्या गाडीत चढलो, हा पण चढला. औषधाचं नाव दोघांनीही काढलं नाही. रोहा येईपर्यंत त्याने कंडक्टरचा, पुढच्या बाकावरच्या मास्तरांचा आणि एका कातकरी म्हाताऱ्याचा चुना खाल्ला होता आणि अर्ध्या गाडीला कळलं होतं, की दामू, म्हणजे मी, ट्रॅक्टर घ्यायला चाललाय. उतरताना लोक मला म्हणत होते, घ्या, घ्या. मी घेतो असं म्हणालो नव्हतो.

वाडीत पोचल्यावर तो थोरल्याच्या ओटीवर बसला. चुना मागितला. मग भिंतीपलीकडे तोंड करून धाकट्याला हाक मारली, तुझ्याकडचा जरा कडक असेल तर दे. मग त्या दोघांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, फणस कापा की बरका याची चौकशी. जेवण झालं. धाकट्याने ट्रॅक्टरची सीट स्वयंपाकघरातून आणून याला बसायला दिली. दुपार कलली तरी ट्रॅक्टरचा विषय नाही. मी तीनदा खाकरलो. माझ्याकडे बघून तो धाकट्याच्या बायकोला म्हणाला, "ह्यो दामू बोलत का न्हाय, ठाऊक हाय? त्याला वाटतं बोललं की बिल येतं." सगळे हसले. मी उठून विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो.

परत आलो तर तो विचारत होता, "मासळीचे वाटे आमीपन घालतो. पन लोखंडाचे कसे घातलेत, ते काय माझ्या डोक्यात शिरत न्हाय."

थोरला सांगायला लागला, इंजिन इथं होतं, शेजारी टाकी. धाकटा आपल्या दारातून म्हणाला, टाकी इंजिनाकडे नव्हतीच, मागून ढकलली. थोरला म्हणाला, खोटं. हासुराम म्हणाला, "मग दाखवा की. मी कुठं बघितलंय?"

आता सांगतो ते मी डोळ्यांनी बघितलं, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता. त्या दोघांनी खरं-खोटं करायला आपापल्या पडवीतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. चाकं ढकलत आणली. स्टिअरिंग आणलं. कोंबडी उठवली, अंडी टोपलीत काढून ठेवली. इंजिनाला दोरखंड बांधून, बांबू घालून चौघांनी उचललं, त्यात एक खांदा माझा होता. एका बोल्टाच्या डब्यावरून दोघे इतके भांडले, की मला वाटलं आता हाणामारी होते. हासुराम मध्ये बसून फक्त म्हणायचा, "असं व्हय. आनि मग?" उन्हं उतरायला आली तेव्हा अख्खा ट्रॅक्टर अंगणात होता. दोन ढीग, मध्ये हातभर जागा.

थोरला कपाळ पुसत बघत राहिला. म्हणाला, "बापानं आणला तवा इथंच उभा केला व्हता." धाकट्याने मान हलवली. त्यानंतर कुणी भांडलं नाही.

हासुराम उठला. कॉलरची छत्री काढून माझ्या हातात दिली. विहिरीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "दामू, इचार."

मला वाटलं, हा आता त्या दोघांची नावं घेऊन वाटे परत त्यांनाच देणार, पोरखेळ. पण वाडीतली माणसं गोळा झाली होती, माझा जावई उभा होता, सुनंदा दारात होती. मी छत्रीचं टोक इंजिनाच्या ढिगावर ठेवलं आणि विचारलं, "ह्यो कोनाचा?"

"दामूचा."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. मी छत्री उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवली. "ह्यो?"

"दामूचा."

झालं. आधी कोण आणि मागून कोण, हा प्रश्नच उरला नाही. थोरला आधी हसला, मग धाकटा. आणि मी? मी अजून ठरवलं नव्हतं. गिअरबॉक्स उघडून बघितला नव्हता. पण नाव घेतलेला वाटा नको कसा म्हणायचा? आमच्यात तसं कुणी म्हणत नाही. हासुरामला ते पक्कं ठाऊक होतं. मी हो म्हणालो, किंमत दोघांत सारखी ठरली. धाकट्याची बायको मात्र पुढे आली आणि सीट उचलून घेऊन गेली. ती तिच्यावर बसून भाकऱ्या करत होती, ती देणार नव्हती. हासुराम वळून म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाय. दामू उभ्यानं चालवील."

परतीच्या गाडीत मी त्याच्याशी भांडलो. म्हणालो, घ्यायचा की नाही ते मी ठरवलं नव्हतं, तू कोण नाव घेणारा? तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मग ठरव की आता. कोनी अडवलंय?"

टेम्पोने सामान आलं. पोयनाडच्या मिस्त्रीने माझ्या खळ्यात तो जोडला. दुसरा गिअर आजपर्यंत धड पडत नाही. मी तो तिथेच उघडून बघितला असता तर कळलं असतं, हे मी हासुरामला अनेकदा ऐकवलं. तो म्हणायचा, पहिला पडतो ना? खाऱ्यात धावायचंय कुठं?

सीट नव्हती. मी अलिबागला बघणार होतो. त्याआधीच एके सकाळी हासुराम कुंपणावरून एक पाट घेऊन आला. शिसवी, चारी कोपऱ्यांना पितळी फुल्या. त्याच्या लग्नातला पाट, मी ओळखला. मी म्हणालो, हा नको. त्याने सुंभाने तो सीटच्या जागी बांधला, वर बसून बघितला आणि उतरून गेला. आता पितळी फुल्यांचा पाट गावात कुणाला माहीत नाही? गल्लीतून ट्रॅक्टर निघाला, की आधी पाट दिसतो. तिथून ते नाव पडलं. पुढे मी नवीन सीट आणू शकलो असतो. पाट मजबूत आहे म्हणून ठेवला.

पहिल्या नांगरणीला नारळ फोडायचा होता. मी नारळ हातात घेऊन उभा, तर गावकीचे म्हातारे म्हणाले, हासुला फोडू दे. त्याने फोडला. मग लोखंडी जाळीची चाकं चढवून मी खाऱ्यात उतरलो. रुतलो नाही. बांधापर्यंत माती उलटली, तिवराच्या रोपांसकट. बांधावर हासुराम बसला होता, त्याच्या पाठीमागे त्याची तिवरं. येणारा जाणारा त्याला म्हणत होता, वा हासू, काम झालं. मी पाटावर होतो, स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आणि काम झालं ते हासूचं. तो मला हाक मारून एवढंच म्हणाला, "कडेपर्यंत घाल रं. माझ्या अंगाची कड सोडू नको." मी म्हणालो, मला शिकवू नको.

त्या वर्षी अलिबागच्या बाजारातून मी एक चुन्याची डबी घेतली. पत्र्याची, वर मोर. भरून शर्टाच्या खिशात ठेवली. कशाला ते माझं मला ठाऊक. तंबाखू मी खात नाही, हे वर लिहिलंच आहे. डबी खिशात राहिली. तो रोज भेटायचा, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायचा, मिस्त्रीकडे चुना मागायचा, सुनंदाच्या आईकडे पानाच्या डब्यातला मागायचा.

मग त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाला, मग घसा म्हणाला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. गिळताना त्रास व्हायचा, आमच्या घरून पेज जायची. बोलता येत नसलेला हासुरामसुद्धा लोकांना पाहिजे होता, त्याच्या ओटीवर माणसं बसलेली असायची आणि आपलं आपलं सांगायची. माझ्या ओटीवरून सगळं दिसायचं.

त्याची मुलगी मुंबईला असते. ती त्याला न्यायला आली. नेमकं त्याच दिवशी मला खाऱ्यात वखर घालायचा होता, म्हणून मी सकाळीच गेलो होतो. परत येताना उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, वळणावर समोरून रिक्षा आली, रेवसच्या धक्क्याकडे चाललेली. लाँच गाठायची असणार. रिक्षा थांबली आणि हा खाली उतरला. छत्री पाठीवर. इतका वाळला होता, की नुसता शर्टच उरला होता म्हणा.

मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं की ते परत चालू व्हायला त्रास देतं. तो जवळ आला, पाटाची पितळी फुली अंगठ्याने पुसली आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दामू, चुना हाय काय?"

मी खिशातून डबी काढून दिली.

त्याने डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. झाकण उघडलं, नखाने टोकरलं. म्हणाला, "खडा झालाय रं."

"मागितला न्हाईस कवा," मी म्हणालो.

तो हसला. आवाज आला नाही, फक्त खांदे हलले. झाकण लावून डबी त्याने आपल्या खिशात टाकली. माझीच डबी, मोराची. परत दिली नाही. मुलीने रिक्षातून हाक मारली, बाबा, लाँच चुकेल.

तो गेला रिक्षापाशी, पण लगेच आत बसला नाही. माझ्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला, तळ्याच्या बांधावर उभा राहायचा तसा, आणि काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तो मुंबईत वारल्यावर त्याच्या मुलीला विचारावं असं मनात आलं होतं, पण विचारलं नाही. विचारायचं काय त्यात. माझंच नाव घेतलं असणार. ट्रॅक्टर माझा आहे.